डाव्या नकलचे आटे: काकांच्या जीपच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, खानापूर

काकांची जीप काल संध्याकाळी गावाकडून इकडे आणून लावली. जुन्या विलीज घडणीची गाडी, पुढे-मागे ड्रम ब्रेक, पुढचा ॲक्सल बंद नकलचा (नकल म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा ओतीव भाग), म्हणजे आतला जॉइंट गोलात झाकलेला. तक्रार एकच: ब्रेक दाबला की डावीकडून ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंगला हिसका बसतो. गावातल्या दोघांनी बेअरिंग गेल्याचं सांगितलं होतं. काकांचं म्हणणं, “चालूलंय तंवर चालू दे की.” पण जांबोटीच्या पुढच्या उतारावर तो हिसका मला आवडला नाही.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा ॲक्सल घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, घेतला. डाव्या बाजूचे चाकाचे नट उलट्या आट्यांचे आहेत. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून स्टड तोडतो, म्हणून इथंच लिहून ठेवतो.

चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळ लागला. मग पुतण्याला ब्रेक दाबून धरायला लावलं आणि पुन्हा हलवलं. खेळ तसाच. ही तपासणी पाच पैशांची आहे पण बेअरिंगचे पैसे वाचवते. ब्रेक लागला की ड्रम बॅकप्लेटला (ब्रेकचे शू धरणाऱ्या मागच्या प्लेटला) जखडतो, त्यामुळे बेअरिंगमधला खेळ असेल तर तो जाणवेनासा होतो. ब्रेक दाबूनही खेळ राहिला म्हणजे दोष त्याच्याही आत: किंगपिन, म्हणजे नकल ज्यावर वळते तो खुंटा, नाहीतर स्पिंडलचे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचे, बोल्ट.

हब काढल्यावर उत्तर समोरच. स्पिंडल आणि ब्रेकची बॅकप्लेट नकलला धरणारे बोल्ट सहा. त्यातले दोन हाताच्या बोटांनी फिरून बाहेर आले. एक पान्याला नुसताच गरगरत होता. बोल्टांच्या आट्यांत नकलचंच लोखंड तारेसारखं गुंडाळून निघालं.

ब्रेक लागतो तेव्हा शू ड्रमबरोबर फिरायला बघतात, त्यांना अडवते बॅकप्लेट, आणि बॅकप्लेटला अडवतात हेच सहा बोल्ट. ते सैल, म्हणून दर ब्रेकला प्लेट थोडी सरकून आदळते. तोच तो आवाज.

१२ जानेवारी

बोल्ट बाकावर मांडले. सहातले तीन मूळचे वाटतात, डोक्यावर तीन रेषा. बाकीच्या तिघांच्या डोक्यावर ८.८. म्हणजे तीन इंचाचे आणि तीन मिलीमीटरचे, एकाच वर्तुळात.

आटे मोजायची पट्टी लावली. जुन्या बोल्टांवर इंचाला चोवीस आट्यांचं पान चपखल बसलं. म्हणजे तीन सुती (सुती म्हणजे इंचाचा आठवा भाग), बारीक आट्यांचा, ३/८ यूएनएफ. नव्या तिघांवर दीड मिमीचं पान बसलं, म्हणजे एम१० चे, दहा मिमीच्या बोल्टाचे, नेहमीचे जाड आटे. व्हर्निअरवर तीन सुतीचा बाहेरचा व्यास साडेनऊच्या आसपास, एम१० चा दहाला जरा कमी. आट्याचं अंतर तीन सुतीत १.०६ मिमी, एम१० मध्ये १.५. दिसायला दोन्ही भावंडं, पण एकाच्या होलात दुसरा जात नाही. फार तर एखादा आटा धरतो आणि अडतो. तिथं थांबायचं असतं. कुणीतरी एअर गन लावून पुढे ढकललेला दिसतो. आटे त्या दिवशीच गेले; उरलेली वर्षं गाडी गंजावर आणि चिखलावर चालली.

आपल्याकडे पान्यांच्या पेटीतच हा गोंधळ आहे. तीन सुती बोल्टाच्या डोक्याला ९/१६ चा पाना लागतो, म्हणजे १४.२९ मिमी. चौदाचा पाना बसत नाही, पंधराचा बसतो पण सैल. मग डोकं गोल होतं, छिन्नी येते, आणि नवा बोल्ट घेताना माणूस दुकानात “दहाचा द्या” म्हणतो. जुन्या जीपच्या नट-बोल्टाला हात लावायच्या आधी इंचाचे पाने घ्यावेत, हे माझं ठाम मत.

होलांना घड्याळाच्या दिशेनं क्रमांक दिले, रंगाने ठिपके मारले. १ आणि ४ चे आटे शाबूत. चांगला बोल्ट हाताने तळापर्यंत जातो. २, ३ आणि ५ चे आटे गेलेले, पण होल सरळ आणि गोल आहे. ६ वेगळीच कथा. त्यात कधीतरी हातड्रिल घातलंय, तेही तिरकं. तोंडाशी व्यास ११ मिमीच्या वर आणि तळाकडे कमी.

स्टिअरिंगच्या बाजूला आणखी दोन गोष्टी. खालच्या किंगपिन बेअरिंगच्या टोपणाच्या चार बोल्टांपैकी एक नुसता फिरतोय. आणि टाय-रॉडच्या (पुढची चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याच्या) डाव्या एंडवर खाचांच्या कॅसल नटात, नट फिरू न देणाऱ्या कॉटर पिनच्या जागी, खिळा वाकवून घातलाय! नट उघडला तर एंडच्या शेवटच्या आट्यांवर हातोडा बसलेला.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खाऊन दुपारी फक्त साफसफाई. ब्रेकची धूळ हवेने उडवली नाही, साबणपाण्याने भिजवून पुसली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असतं आणि या गाडीवर कोणतं अस्तर कधी लागलं हे काकांनाही आठवत नाही. बॅकप्लेट ब्रेकच्या होजसकट तारेनं वर बांधून ठेवली, पाइप उघडला नाही.

डावे शू नकलमधून झिरपलेल्या ऑइलने भिजलेत. स्पिंडल सैल असल्यावर ऑइल तिथूनच येणार. असे शू पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा घालणारे आहेत. मी घालणार नाही. चारही नवे, दोन्ही बाजूंना, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

१५ जानेवारी

कशाचे आटे दुरुस्त करायचे आणि काय फेकायचं, हे हत्यार उचलायच्या आधी ठरवून टाकलं. पुढच्या ॲक्सलवर माझा हिशेब असा आहे. जिथं चार-सहा बोल्ट मिळून दोन सपाट तोंडं एकमेकांवर दाबतात आणि होलाभोवती भरपूर धातू आहे, तिथं आटे नव्याने बसवता येतात. नीट केले तर मूळच्यापेक्षा वाईट नसतात. जिथं सगळा भार एका नटावर आणि त्याच्या पिनवर आहे, तिथं दुरुस्ती नाही. टाय-रॉड एंड त्यात मोडतो. डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) फिरवून त्याचे आटे “बसवून” देणारा सापडेल, पण तो एंड सुटला तर एक चाक मोकळं. तो बदलायचा. नटही नवा, पिन नवी.

नकलवर वेल्डिंग नाही. ६ नंबरचं होल वेल्डने भरून पुन्हा पाडू असं एका ओळखीच्या मिस्त्रींनी सुचवलं. ओतीव भागावर घाईत वेल्ड मारला की बाजूचा धातू कडक आणि ठिसूळ होतो. तडा लगेच दिसत नाही, आणि ही जागा तडा नंतर कळण्याची नव्हे. नीट तापवून, हळू थंड करून ते करता येतं, पण त्यापेक्षा सोपा रस्ता आहे.

खालच्या टोपणाचा फिरणारा बोल्ट काढून पाहिला. तो आखूड निघाला! होलात आटे अठरा मिमी खोलपर्यंत आहेत आणि हा बोल्ट पहिल्या पाच-सहा मिमीतच धरून होता. तेवढेच आटे गेलेत, खालचे बारा मिमी कोरे करकरीत. बारीक आट्यांच्या तीन सुती बोल्टाला असल्या धातूत बोल्टाच्या व्यासापेक्षा जास्त पकड मिळते, म्हणजे तिथं काही करायचं नाही, योग्य लांबीचा बोल्ट घालायचा. होलाच्या तळाशी जुनं सिलिकॉन आणि माती घट्ट बसली होती, ती तळाच्या टॅपने (होलात आटे पाडायच्या हत्याराने) हाताने काढली. ती तशीच ठेवली असती तर लांब बोल्ट तळाला टेकून घट्ट झाल्यासारखा वाटला असता आणि टोपण सैलच राहिलं असतं.

१६ जानेवारी, बेळगाव

नकल काढून उद्यमबागेत नेली. काढताना वरच्या-खालच्या टोपणांखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, वेगवेगळ्या पिशव्यांत घातल्या, मायक्रोमीटरने जाडी लिहून. किंगपिन बेअरिंगचा दाब याच शिमवर ठरतो. मिसळल्या तर स्टिअरिंग एकतर जड, नाहीतर थरथरतं.

जागेवरच हातड्रिलने काम करता आलं असतं का? २, ३, ५ साठी कदाचित. पण बोल्ट एका अंशानेही तिरका बसला तर डोकं एका कडेवर टेकतं आणि सगळा ताण त्या कडेला येतो. ६ नंबरच्या होलाला मशीनच हवं होतं. मग सगळंच मशीनवर.

उद्यमबाग आणि मच्छे या बाजूला ओतकाम आणि मशीनिंग करणारी माणसं एवढी आहेत की बेळगावात धातूचं काम अडत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे, आतल्या गल्लीत आमच्या ओळखीचे टर्नरमामा आहेत. नकल हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न केला, “हे कोण केलंय हो?” मी खांदे उडवले. त्यांनी ६ नंबरच्या होलात करंगळी घातली आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

मग होलाच्या कडेवर हळूच ड्रिल टेकवून किस काढून पाहिला. साध्या बिडाचा किस चुऱ्यासारखा पडतो, हात काळा होतो. इथं छोटे वळलेले तुकडे निघाले. म्हणजे साधं बीड नव्हे, चिवट जातीचं ओतीव. स्टिअरिंगच्या भागात तसंच असायला हवं, पण मामा विश्वास ठेवत नाहीत, बघतात. त्यावरच ठरलं की कापताना ऑइल लागेल. साधं बीड कोरडंच कापतात.

२, ३, ५ ला हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे. ६ ला घन बुश, म्हणजे आत-बाहेर आटे असलेली नळी. यात मामांशी थोडा वाद झाला. त्यांचं म्हणणं सहाही होलांना हेलिकॉइल घालू, सगळं एकसारखं होईल. माझं म्हणणं, १ आणि ४ चा निरोगी धातू कशाला काढायचा? शेवटी ते म्हणाले, “गाडी तुमची, होल तुमचं.” हसले मात्र.

१८ जानेवारी

३/८ यूएनएफचा हेलिकॉइल संच शहरात मिळाला नाही, मिलीमीटरचे सगळे होते. पुण्याहून मागवला. संचात वेगळा टॅप असतो हे महत्त्वाचं. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पत्त्यांतल्या चौकटसारखा छेद असलेल्या तारेची गुंडाळी. तिच्या बाहेरच्या अंगाला बसण्यासाठी नकलमध्ये मोठे आटे पाडावे लागतात, आतल्या अंगाला मूळ मापाचे आटे तयार होतात. साधा टॅप इथं चालत नाही. तीन सुती बारीकसाठी ड्रिल २५/६४, म्हणजे ९.९ मिमी. मूळ भोक साडेआठच्या आसपास असतं, म्हणजे धातू फार थोडा जातो. हेलिकॉइलचं मोठेपण यातच आहे.

लांबी व्यासाच्या दीडपट घेतली, चौदा मिमीला जरा जास्त. होलात धातू सोळा मिमी मिळतो.

भंगारातल्या एका जाड पट्टीवर आधी करून पाहिलं. बोल्टावर नळीचा तुकडा घालून टॉर्क पान्याने ६० न्यूटन-मीटरपर्यंत ओढलं. गाडीवर ४५ च लावायचेत. तार हलली नाही.

२० जानेवारी, उद्यमबाग

नकल मिलिंग मशीनच्या टेबलावर बांधली. मधल्या बोअरला (गोल भोकाला) डायल, म्हणजे मापाचा काटा, लावून केंद्र काढलं, मग तोंडाला डायल लावून सपाटी. तोंडावर गंजाची चट्टी आणि जुन्या आदळण्याच्या खुणा होत्या, त्यामुळे काटा नाचत होता. मामांनी तेलपाथरीने उंचवटे तेवढे घासले, तोंड कापलं नाही. कापलं असतं तर स्पिंडल आत सरकला असता.

१ आणि ४ या चांगल्या होलांवरून बाकीच्यांची जागा ताडून घेतली. मग २, ३, ५ ला ड्रिल, तोंडाशी किंचित खड्डा, आणि टॅप. टॅप मशीनच्या स्पिंडलमध्ये धरून हाताने फिरवला, मोटरने नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, किस तुटू द्यायचा. प्रत्येक होलानंतर ब्रेक क्लीनर आणि हवा. इथं हवा चालते, ब्रेकची धूळ नाही.

गुंडाळी बसवताना वरून दाबायचं नाही. दाबलं की ती आटा सोडून उडी मारते. नुसतं फिरवायचं, ती स्वतः खाली उतरते. तोंडाच्या पाव ते अर्धा आटा खाली थांबवली. मग तळाचा आडवा तुकडा पंचने एका ठोक्यात तोडला. तीन होलं, तीन तुकडे. तिन्ही मोजून डबीत घातले. त्यातला एखादा आत राहिला तर तो जॉइंटच्या ऑइलमध्ये जाणार.

६ नंबर. तिरकं होल सरळ करायला साधं ड्रिल चालत नाही, ते जुन्याच वाटेने जातं. मामांनी एंड मिलने मापात आणलं, मग १२.५ चं ड्रिल आणि एम१४ × १.५ चा टॅप. बुश ईएन१९ पोलादाच्या सळीतून लेथवर कापला: बाहेर एम१४ × १.५, आत तीन सुती बारीक. भिंत पातळ बाजूला सव्वा मिमी भरते. चार सुतीचा बारीक आटा बाहेरून घेतला असता तर भिंत मिलीमीटरच्याही आत गेली असती. म्हणून त्यापेक्षा मोठा, आणि एम१४ चा टॅप घरात होता. बाहेर मिलीमीटर, आत इंच. असा संकर मला पटत नाही, पण बुश पुन्हा कधी निघणार नाही, आणि बोल्ट घालणाऱ्याला आतलाच आटा दिसणार.

बुशची कड ते मधल्या बोअरची कड, यात किती धातू उरतो तो मोजूनच हे केलं. नऊ मिमी उरला. शेजारची दोन होलं अशीच बिघडलेली असती तर मी नकल भंगारात दिली असती.

बुश कडक पकडीचं लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्रव) लावून बसवला, तोंड नकलच्या सपाटीला घासून घेतलं, आणि सीमेवर तीन ठिकाणी पंचने ठोकून जाम केला. रात्रभर तसंच ठेवायला सांगून मामा चहाला गेले.

२१ जानेवारी

दुकानदाराने तीन सुती म्हणून जाड आट्याचे बोल्ट दिले. परत केले. फोर्ट रोडवर दुसरीकडे मिळाले. पट्टी खिशातच होती, काउंटरवरच लावून पाहिली. हाय-टेन्साइल, डोक्यावर तीन रेषा. टाय-रॉडचा एंड, कॅसल नट, कॉटर पिनांचं पाकीट, शूचा संच, नकलचं मागचं सील.

२५ जानेवारी, खानापूर

जोडणी. नकल बसवली, शिम आपापल्या जागी. टोपणांचे बोल्ट कोनात आळीपाळीने आवळले. टाय-रॉड लावायच्या आधी नकल हाताने फिरवून पाहिली; थोडा एकसारखा विरोध, कुठं अडखळत नाही.

स्पिंडलच्या भोकांकडे नीट पाहिलं. दोन भोकं लांबट झालीत, बोल्ट हलत राहिल्याने. स्पिंडल बदलावा का, यावर बराच विचार केला. स्पिंडल नकलच्या बोअरमध्ये खांद्यावर घट्ट बसतो, गाडीचं वजन तो खांदा घेतो. ब्रेकचा पीळ तोंडांच्या घर्षणावर जातो आणि ते घर्षण बोल्टांच्या आवळण्यातून येतं. भोकांच्या कडांवर ते काम नाही. खांदा चांगला आहे, भेग नाही. ठेवला. पण याच कारणाने तोंडं दोन्ही बाजूंनी कोरडी, बिनतेलाची हवीत, रंगही नको. रंगाचा थर दबतो आणि बोल्ट ढिला होतो.

आट्यांवर निळं, मध्यम पकडीचं लॉकटाइट. सहाही बोल्ट आधी हाताने तळापर्यंत, मग समोरासमोर अशा क्रमाने २०, ३५, ४५ न्यूटन-मीटर. ६ नंबरला पान्याने टिक्क केलं तेव्हा मी श्वास धरला होता, हे कबूल. बोल्टांच्या डोक्यांवरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

काकांनी येऊन रेघा पाहिल्या. “नटाला गंध लावलास काय रे?”

२६ जानेवारी

टाय-रॉडचा नवा एंड. निमुळता भाग आणि त्याचं घर दोन्ही कोरडे पुसले. तिथं ग्रीस लावणारे असतात, लावू नये. कॅसल नट आवळला, भोक खाचेशी जुळलं नाही, म्हणून आणखी थोडा आवळून जुळवलं. जुळवण्यासाठी नट मागे घ्यायचा नसतो. खऱ्या कॉटर पिनचे दोन्ही पाय वाकवले.

टाय-रॉडच्या एका टोकाला उलटे आटे, एका टोकाला सुलटे, म्हणून मधला दांडा फिरवून चाकांचा टो, म्हणजे पुढच्या बाजूला चाकं किती आत वळलेली तो कल, जुळवता येतो. या जीपचं माप ३/६४ ते ३/३२ इंच आत. टायरच्या मध्यरेषेवर खडूने खूण करून पुढे-मागे टेपने मोजलं, दोन मिमीवर ठेवलं.

शू बसवून जुळवले. पाइप उघडला नव्हता, तरी ब्रेक ऑइल काळं झालं होतं म्हणून चारही चाकांचं डॉट ३ बदललं, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

१ फेब्रुवारी

आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर वीसच्या वेगाने ब्रेक, मग चाळीसच्या. आवाज नाही, ओढ नाही. नंतर जांबोटी, तिथून कणकुंबीपर्यंत. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ, गाडी थांबवून ड्रमला हात लावला: दोन्ही बाजू सारख्याच गरम. चोर्ल्याचा उतार आज केला नाही, नवे शू अजून बसायचेत. रेघा जुळलेल्या.

९ फेब्रुवारी

चोर्ला घाट उतरून, चढून आलो. घरी हब काढून सहाही बोल्ट टॉर्क पान्याने तपासले. निळं लॉकटाइट लावलेला बोल्ट फिरवून पुन्हा आवळला की पकड मोडते, म्हणून पाना ४० ला लावून नुसता टिक्क होतो का एवढंच पाहिलं. सहाही झाले. नकलच्या तोंडाशी ऑइलचा ओलावा नाही.

उजवी बाजू उघडली. तिथं सहापैकी पाच बोल्टांवर तीन रेषा आहेत आणि एकावर ८.८. तो अजून काढलेला नाही. संचात हेलिकॉइल उरलेत. बुधवारी मामांना फोन करायचा, आणि त्याआधी ९/१६ चा बॉक्स पाना परत मागून घ्यायचा. तो काकांनी ट्रॅक्टरकडे नेलाय.